उलट टपाली

गिरगाव, मुंबई ४
रविवार, २४ एप्रिल १९६०

प्रिय अच्युत,

तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. पहिल्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तिसऱ्या दिवशी माझ्या जाडजूड संस्कृत कोशात घालून ठेवलं, आणि तेव्हापासून तो कोश उघडावा लागू नये अशा बेताने शिकवतो आहे. कुणी अवघड शब्द विचारला की "संदर्भाने लावा" असं सांगतो. वर्गात माझ्या गाढ व्यासंगाची कीर्ती वाढली आहे.

तू मागितलंस ते एक वाक्य. "छप्पन सालच्या जानेवारीत त्या सकाळी तुम्ही मायक्रोफोनवर जे बोललात ते लिहून पाठवा. अर्थ नको, शब्द हवेत." तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यापायी अडलंय आणि तुझ्या प्राध्यापकांना ते पंधरा मेच्या आत हवंय. एक वाक्य लिहायला एकोणीस दिवस घेणारा माणूस एकतर महाकवी असतो किंवा चोर. मी कवी नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या स्वागतगीतातली माझी यमकं तूच तर दुरुस्त केली होतीस.

आज सकाळपासून पाच वेळा या खुर्चीतून उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दौतीत शाई आहे का पाहायला, बाकी तीनदा उगाच. यशोदा म्हणाली, "तुम्हाला बसायचं नसेल तर निदान रांगेत उभे राहा, रॉकेल तरी येईल." खाली वाडीत पोरं पताका लावताहेत. पुढच्या रविवारी महाराष्ट्र येतोय, मुंबईसकट. शिवाजी पार्कवर मोठा समारंभ आहे आणि आमच्या वाडीला वाटतं की तो खरा इथेच आहे. लाउडस्पीकर आणलाय, आणि सकाळपासून एकजण त्यात "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" एवढंच म्हणतोय. प्रत्येक हॅलोला माझी लेखणी थांबते. का, ते सांगतो. पण आधी तुझ्या प्रबंधाबद्दल बोलू दे. विषय टाळण्याची ही माझी जुनी पद्धत आहे, तू ओळखशीलच.

यंत्राच्या मदतीने शिकवायचं तर तीन शास्त्रांचा पाया लागतो, असं तू लिहितोस. माणूस शिकतो कसा, हे एक. अनेक भागांची मिळून एक व्यवस्था चालते कशी, हे दुसरं. आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचतं कसं, हे तिसरं. पहिल्यात तुझी ती कबुतरं आहेत: बरोबर ठिकाणी चोच मारली की दाणा, चुकली की काही नाही, आणि अशा इवल्या इवल्या पायऱ्यांनी कबुतर शहाणं होतं. तुझ्या गुरुजनांना म्हणावं, एकदा आमच्या कबुतरखान्यावर या. इथल्या कबुतरांना काहीही न शिकता पिढ्यान्‌पिढ्या दाणे मिळताहेत, आणि त्यांचं उत्तम चाललंय. आपल्या शाळाखात्याचं मूळ तत्त्व तेच आहे.

दुसरं शास्त्र मला पटलं. व्यवस्थेतला एक भाग हलला की सगळे हलतात, हे मी दर शिमग्यात पाहतो. आपला दत्ताराम शिपाई मालवणला गेला की घंटा चुकते, घंटा चुकली की तास चुकतो, आणि मुख्याध्यापक भूगोलाच्या वर्गात जाऊन गणित तपासतात.

तिसऱ्याची तुझी आकृती मी यशोदेला दाखवली. डावीकडे चौकोन म्हणजे बोलणारा, उजवीकडे चौकोन म्हणजे ऐकणारा, मध्ये बाण म्हणजे वाट, आणि वाटेवर वीज पडावी तशी वाकडी रेघ म्हणजे गोंगाट. ती म्हणाली, "हे विहिरीचं नि पंपाचं आहे का?" तुमचं सगळं दुःख त्या वाकड्या रेघेत आहे असं दिसतं. रेघ पुसली की निरोप पोचला. आमच्या संस्कृतातल्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, इतकं सोपं नाही रे. वाक्य कळायला शब्द जवळजवळ हवेत, एकमेकांना लागू पडणारे हवेत, एकाने दुसऱ्याची वाट पाहायला हवी. आणि एवढं होऊनही बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळलं नाही तर सगळं व्यर्थ. त्याचं उदाहरण तुला शिक्षकांच्या खोलीत दहादा ऐकवलं असेल. 'सैंधव' म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना मालक म्हणाला "सैंधव आण," आणि नोकर घोडा घेऊन आला. वर्ग हसतो. इतकी वर्षं मी नोकरावर हसवत आलो.

बरं, आता ती सकाळ. तुला सगळं ठाऊक आहे, असं तू समजतोस. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आदल्या संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं होतं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. सकाळी ट्राम बंद, काही शिक्षक आले नाहीत, मुख्याध्यापक दादरलाच अडकले. मुलं मात्र आली. वाड्यांतली पोरं, त्यांना ट्राम कशाला लागते? वयाने वडील म्हणून शाळा माझ्या गळ्यात पडली. तू सहा महिने खपून अकरा वर्गांत लाउडस्पीकरचे अकरा डबे बसवले होतेस, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत तो मायक्रोफोन. शनिवारपासून डब्यांत खरखर येत होती, म्हणून तू सकाळीच लॅमिंग्टन रोडला नवा व्हॉल्व्ह आणायला गेलास आणि तिकडेच अडकलास. साडेदहाला रस्त्यावर आरडाओरड वाढली, दगड आले, मग अश्रुधूर. मुलांना मागच्या बोळातून घरी पाठवायचं मी ठरवलं. दत्तारामला तोंडी सांगितलं, "मागचं दार उघडून धर." त्याने धरलं. आणि मग मी मायक्रोफोनपुढे उभा राहिलो.

ज्या वर्गांत शिक्षक होते ते वर्ग मागच्या दाराने सुखरूप गेले. शिक्षक नव्हते असे दोन वर्ग, सत्तरएक मुलं, पुढच्या फाटकाने थेट मोठ्या रस्त्यावर. तिकडून धुराला भिऊन लोक आत घुसत होते. फाटकात चेंगराचेंगरी झाली. बाकीची खरचटून सुटली, आणि सहावीतल्या ललिताचं खुब्याचं हाड मोडलं. ती अजून काठी घेऊन चालते.

चौकशी बसली तेव्हा मला विचारलं, "तुम्ही काय सूचना दिलीत?" मी म्हणालो, "मागच्या दाराने जा, अशी." इतर शिक्षकही म्हणाले, हो, तसंच काहीसं होतं. मग सत्तर मुलं पुढून का गेली? कुणीतरी म्हणालं, घाबरली, ऐकलं नाही. आणि तू आपणहून उभा राहिलास. "डब्यांत खरखर होती. 'मागच्या' हा शब्द त्यांना ऐकू गेला नसेल. ती चूक माझी." मंडळाने तसंच लिहून घेतलं: यंत्रदोष. तू जूनमध्ये राजीनामा दिलास, आणि वर्षभरात अमेरिकेला गेलास. आता त्या खरखरीवर तू प्रबंध लिहितो आहेस. कुठलं अक्षर गोंगाटात बुडालं ते तुला मोजायचं आहे.

तुझ्या आईला मी अधूनमधून भेटतो. राजलक्ष्मीबाई ठाकूरद्वारहून अजून तुला सांबार मसाल्याची पार्सलं करतात, आणि दर वेळी मला एकच विचारतात, "शिक्षण तर होत आलं, मग येण्याचं का लिहीत नाही तो?" मी म्हणतो, तिकडे काम मोठं आहे. त्या म्हणतात, "काम नाही हो. त्या मुलीला तोंड कसं दाखवू म्हणाला होता जाताना." यावर मी चहा पितो. आजवर बराच चहा प्यालो आहे.

ललिता आता दहावीत आहे. गेल्या दिवाळीपासून संस्कृत शिकायला दुपारी घरी येते. दोन जिने काठी टेकत चढते आणि वर आल्या आल्या काकूकडे पाणी मागून म्हणते, "देवभाषा तळमजल्यावर शिकवत नाहीत का हो?" तोंडाळ आहे. गेल्या बुधवारी पाठ्यपुस्तकातला एक धडा चालला होता: राजा पश्चिम वयात वनात गेला. ती म्हणाली, "सर, राजा म्हातारपणी पश्चिमेला गेला? मुंबईत असता तर चौपाटीवर बुडाला असता." मी हसलो आणि नेहमीचं प्रवचन दिलं. आपले पूर्वज उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणून पुढची ती पूर्व, उजव्या हाताची ती दक्षिण, आणि पाठीमागची ती पश्चिम. पश्चिम म्हणजे मूळचा अर्थ मागचं, शेवटचं. पश्चिम वय म्हणजे उतारवय.

ती काठी घेऊन उठली, खिडकीशी जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली आणि मागे वळून न पाहताच म्हणाली, "सर, एक उलट विचारू?" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "उलट विचारायचं नाही." तरी तिने विचारलं. "मग आपल्या शाळेचं पश्चिमद्वार कुठलं?"

अच्युत, आपली शाळा पश्चिमेला तोंड करून उभी आहे. मोठं फाटक रस्त्याकडे, समुद्राकडे. मागचं दार पूर्वेला, बोळात.

आणि मग तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. एक अक्षर न चुकता, माझ्याच हेलात, माझ्यासारखा चष्मा वर करून: "सर्व छात्रांनी पंक्तिबद्ध होऊन पश्चिमद्वाराने सत्वर निर्गमन करावे." शिक्षक विसरले, कारण त्यांना अर्थ कळला होता, अर्थ कळला की शब्द गळून पडतात. मुलांना नीट कळलं नाही, म्हणून त्यांना ते पाठ आहे. आपली सगळी शिक्षणपद्धती याच पायावर उभी आहे, हे तुझ्या पहिल्या शास्त्रात घाल हवं तर.

त्या सकाळी पहिल्या तासाला मी मॅट्रिकच्या वर्गाला नेमका 'पश्चिम' हाच शब्द शिकवला होता. तो जिभेवर होता. शिवाय तुझा तो मायक्रोफोन! त्याच्यासमोर उभं राहिलं की मला वाटायचं, आता साधं बोलणं बरं दिसणार नाही. 'मागच्या दाराने जा' असं काय यंत्रात बोलायचं? दत्तारामला सांगितलं मराठीत, आणि मुलांना सांगितलं थाटात. शिक्षक हजर होते तिथे त्यांनी मनातल्या मनात भाषांतर केलं. त्या दोन वर्गांत भाषांतर करायला कुणी नव्हतं. "सकाळी भूगोलाच्या तासाला आम्ही दिशाच केल्या होत्या," ललिता म्हणाली. "पश्चिम म्हणजे समुद्र. आम्ही रांग करून गेलो, सर. 'पंक्तिबद्ध' म्हणजे रांग हे मी सगळ्यांना सांगितलं. मीच पुढे होते." आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "म्हणजे मी नीट ऐकलं होतं! बाबा चार वर्षं म्हणताहेत, ऐकलं असतंस तर पाय शाबूत राहिला असता. मी नीटच ऐकलं होतं!"

घोडा आणणाऱ्या नोकरावर मी हसायचो. इथे सत्तर मुलं रांगेने घोडा घेऊन आली, आणि मी मीठ मागितलं होतं असं चौकशीत सांगून मोकळा झालो.

तू म्हणशील, बुवा, तुम्हाला तेव्हा कळलंच नाही, तुमचा काय दोष? इथेच मी एकोणीस दिवस अडखळतोय. चौकशीच्या खोलीत तू उभा राहिलास तेव्हा माझ्या मनात काहीतरी चाटून गेलं होतं. आपण नक्की कुठला शब्द वापरला? मी तो आठवायला गेलो नाही. दारापाशी गेलो आणि परत फिरलो. तू इतक्या पटकन चूक आपल्या डोक्यावर घेतलीस की मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मी पुढे कधी तपासलं नाही. खरखर तर खरखर! तुझ्या आकृतीतली ती वाकडी रेघ माझ्या फार उपयोगी पडली, अच्युत.

आणखी एक. तू डबे बसवलेस त्या दिवशी पेढे वाटले होते, आठवतं? मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय दत्ताराम, कसं वाटलं?" तो डोकं खाजवत म्हणाला, "ह्यो डबो बोलता ता बराच असा. पण पोरांका काय इचारूचा झाला तर? डब्याक उलट इचारूचा कसा?" आपण सगळे किती हसलो! तू सर्वांत जास्त. आता तू ओहायोहून मला लिहितोस की तिथल्या विद्वानांनी नुकतंच शोधून काढलंय, निरोप जसा जातो तसा ऐकणाऱ्याकडून परत यायलाही हवा, नाहीतर व्यवस्था आंधळी होते. तिकडे त्याला फीडबॅक म्हणतात, आणि मराठीत त्याला काय म्हणावं ते मी सुचवावं.

नव्या राज्यासाठी शब्द घडवायच्या एका समितीत मला घेतलंय, त्यामुळे माझ्याकडे हल्ली शब्दांचा तोटा नाही. प्रत्यादान म्हण, प्रत्याभरण म्हण. मागच्या आठवड्यात दोन्ही कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले. मग खोडले. पुढच्या रविवारपासून हे असले शब्द हजारो शाळांत जातील, आणि कुठल्या तरी सहावीच्या वर्गात एखादी हुशार मुलगी ते बाकीच्यांना समजावून सांगेल आणि रांगेच्या पुढे उभी राहील. समितीला मी कळवलंय की यापुढे माझा प्रत्येक शब्द आधी ललिताला आणि दत्तारामला विचारून येईल. अध्यक्षांना तो विनोद वाटला.

शब्द आपल्याकडे आहेच. उलट. आपण मुलांना त्यासाठी छड्या मारतो, एवढंच. माझे वडील वेद म्हणणारे घनपाठी होते. लहानपणी पहाटे त्यांचं ऐकत पडायचो: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. प्रत्येक पद उलटं म्हणून पाहायचं, म्हणजे चूक शिरली की तिथेच पकडली जाते. शेकडो वर्षं कागदावाचून पाठ शुद्ध राहिला तो या उलट म्हणण्यामुळे. आणि त्यांचा मुलगा तीस वर्षं वर्गात "कळलं?" असं विचारतोय, "होऽऽ" असं ऐकतोय आणि पुढच्या श्लोकाला जातोय.

तेव्हा हे पत्र का, ते आता तुला कळलं असेल. तुझं तिसरं प्रकरण काढून टाक, किंवा नव्याने लिही. त्या वाकड्या रेघेला त्यात जागा नाही. तुझं यंत्र त्या दिवशी स्वच्छ बोललं. एक अक्षर बुडालं नाही. हे मी शाळेच्या मंडळालाही लेखी कळवलंय, उद्या त्यांची सभा आहे. ललिताच्या वडिलांकडे शुक्रवारी जाऊन आलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पण मुलीला हाक मारली आणि तिच्याकडे पाहत राहिले. काल संध्याकाळी ठाकूरद्वारला गेलो. तुझ्या आई पाटावर मसाला चाळत होत्या. सगळं ऐकून घेतलं, चाळणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग पार्सल नको ना करू आता? येईलच तो." मला चहा दिला नाही. बरं केलं. तू तिथे बसून काय म्हणशील, ते मला इथून दिसत नाही, आणि हे पाकीट पेटीत पडलं की मी पुन्हा त्या मायक्रोफोनपुढे उभा असेन. म्हणून, अच्युत, उलट टपाली उत्तर दे. उलट दे. ज्येष्ठ म्हणून माझी भीड धरू नकोस.

तुझाच, आणि या खेपेला साध्या मराठीत सांगायचं तर चुकलेला,
रघुवीर